मुलांचे हात आणि साबणाची वडी

लहान मुलांस हात धुण्याची सवय कशी लावावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरातील मूल हगवणीने चार दिवस अंथरुणास खिळते, त्या घरास तो क्षुल्लक वाटत नाही. हगवण, टायफॉइड व पोटातील जंत यांचा शिरकाव बहुधा दूषित पाण्यातून, अन्नातून आणि हातांवाटे होतो. पाणी व अन्न वडीलधारी माणसे सांभाळतात. हात मात्र मुलाचे मुलालाच सांभाळावे लागतात.

‘हात धू’ म्हटले की मूल बोटे भिजवून परत येते. हा त्याचा हट्ट नव्हे. हात त्याला स्वच्छच दिसतात. न दिसणाऱ्या मळावर मोठ्यांचाही विश्वास सहजी बसत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने हात धुवावयास लावले. एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींमागे सुमारे अठरा मृत्यू होत असत. त्याच उन्हाळ्यात ते प्रमाण दोनच्या आसपास आले. तरीही पुष्कळ सहकाऱ्यांना ते पटले नाही. जे विद्वानांना पटले नाही, ते पाच वर्षांच्या बालकास नुसते सांगून कसे पटावे?

म्हणून ते दाखवावे. मुलाच्या तळहातांवर थोडे गोडे तेल व रंगीत खडूची पूड चोळावी आणि आधी नुसत्या पाण्याने हात धुवावयास सांगावे. बेचक्यांत व नखांच्या कडेला रंग चिकटून राहतो. मग साबण लावावा. साबण तेलकट मळ सुटा करतो आणि पाणी तो वाहून नेते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

धुण्याची रीत अशी: हात ओले करून साबण लावावा, तळहात, हातांची मागची बाजू, बेचके, अंगठे व नखे या क्रमाने, एक ते वीस अंक सावकाश म्हणत चोळावे. तेवढा वेळ नळ बंद ठेवावा. मग वाहत्या पाण्याने किंवा तांब्याच्या धारेने हात धुऊन स्वच्छ पंचास पुसावेत. जेवणापूर्वी व शौचानंतर यात खंड पडू देऊ नये. साबण मुलाच्या हाताशी असावा. नळ उंच असल्यास खाली पाट ठेवावा. शिक्षा म्हणून मात्र हात धुवावयास कधीही पाठवू नये.

आमच्या घरी वजू करताना दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुतात. शेजारच्या घरी बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याविना स्वयंपाकघरात पाऊल टाकीत नाहीत. दोन्हीकडची मुले हे व्याख्यानाने शिकली नाहीत, मोठ्यांकडे पाहून शिकली. त्याच वळणात साबणाची भर घालावयाची आहे. तेव्हा पालकांनी आज जेवणाच्या आधी स्वतः उठावे, मुलास बरोबर घ्यावे आणि दोघांनी मिळून वीसपर्यंत मोजावे.