बाटलीवरून रेसिपी : एक उलटे गणित

मित्रांनो, शीर्षक वाचून रेक्टर सरांच्या भुवया उंचावल्या असतील, म्हणून आधीच सांगतो : या लेखातली बिअर फक्त कागदावर तयार झाली आहे. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही सांभाळून घ्या.

झाले असे, की मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर एक बेत शिजला. परदेशात लोक कंपनीच्या बिअरची घरी हुबेहूब नक्कल करतात, तिला ते 'क्लोन' म्हणतात. इंग्लंडमध्ये १९६३ पासून त्याला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत तशी मोकळीक देणारा कायदा १९७८ मध्ये झाला. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने तर २०१६ मध्ये स्वतःच्याच रेसिपी २० लिटरच्या मापात जाहीर केल्या. मग आपण का नाही? बादली ठरली, वर्गणी ठरली. हिशोब माझ्याकडे आला, कारण "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना!"

नमुना घेतला आयर्लंडच्या काळ्या गिनेसचा, २० लिटरसाठी.

पायरी १ : साखर. लेबलवर अल्कोहोल ४.२ टक्के. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि द्रवाचे विशिष्ट गुरुत्व उतरते. सूत्र सोपे आहे : सुरुवातीच्या आणि शेवटच्या गुरुत्वातला फरक गुणिले १३१.२५ म्हणजे अल्कोहोलचे टक्के. आपल्याला ४.२ हवेत, म्हणजे फरक ०.०३२. यीस्ट ७५ टक्के गोडवा संपवते असे धरले तर सुरुवात १.०४३ आणि शेवट १.०११.

१.०४३ म्हणजे सुमारे १०.७ ब्रिक्स. ब्रिक्स हा शब्द काष्टीच्या पोरांना शिकवावा लागत नाही. उसाच्या फडात रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून बघतात तोच हा ब्रिक्स. पक्व उसाचा रस १८ ते २० भरतो. म्हणजे बिअरचा काढा रसवंतीच्या ग्लासाच्या जेमतेम निम्मा गोड! मात्र एकदा आंबायला लागले की रिफ्रॅक्टोमीटर फसवतो, कारण अल्कोहोल प्रकाश वेगळा वाकवतो. तिथे हायड्रोमीटरच लागतो.

पायरी २ : धान्य. अशा काळ्या बिअरसाठी रूढ प्रमाण असे : मोड आणून वाळवलेली बार्ली ७० टक्के, बार्लीचे पोहे २०, करपेपर्यंत भाजलेली बार्ली १०. गुरुत्वातले शेवटचे ४३ हे 'गुण' धरले, तर २० लिटरला ८६० गुण लागतात. एक किलो धान्य जास्तीत जास्त ३०० गुण देते, त्यातले ७० टक्के हाती लागतात, म्हणजे २१०. ८६० भागिले २१० बरोबर ४.१ किलो. वाटणी २.९, ०.८ आणि ०.४ किलो. काळा रंग येतो तो त्या ४०० ग्रॅममुळे.

पायरी ३ : कडूपणा. हा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो. लक्ष्य लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ८०० मिलिग्रॅम. हॉप्समध्ये कडू आम्ल ५ टक्के असेल आणि तासभर उकळून त्यातला पाव भागच उतरत असेल, तर हॉप्स लागतात ६४ ग्रॅम.

पायरी ४ : जे लेबलवर नसते ते. यीस्टची जात, आंबवण्याचे तापमान आणि पाणी. हॉस्टेलच्या बादलीवरचा पांढरा थर आठवा. फर्स्ट इयरला ईडीटीएने टायट्रेशन करून आपण हीच हार्डनेस काढली होती. पाण्यातले बायकार्बोनेट धान्याचा पीएच वर नेते, भाजलेली बार्ली आम्लधर्मी असल्याने तो पुन्हा खाली आणते. म्हणून अशा पाण्याला काळी बिअर मानवते. चेक देशातल्या पिल्सेनचे पाणी अगदी मऊ आणि १८४२ मध्ये तिथे जन्मली ती सोनेरी बिअर. म्हणजे नक्कल करायची तर आधी स्वतःच्या नळाचे पाणी ओळखावे लागते!

एवढे सगळे लिहून कागद केमिस्ट्रीच्या सरांना दाखवला. त्यांनी आकडेमोड शांतपणे तपासली, बरोबरची खूण केली आणि खाली लाल पेनने लिहिले, "लायसन्स कुठे आहे?"

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे किंवा बिअर बनवणे गुन्हा आहे, मग ती बादलीभर का असेना. शिवाय बिअरसाठी वय लागते २१, मी आहे विसाचा. मी विचारले, "सर, यात मिथेनॉल होऊन डोळे जातात का?" सर म्हणाले, "नाही. मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती धान्य आंबवल्यामुळे नाही, दारूत मिथेनॉल मिसळल्यामुळे. उगाच खोटी भीती बाळगू नका. पण खरी भीती विसरू नका. तुमच्यातल्या किती जणांची फी उसाच्या बिलातून येते?"

रूमवर चौघांपैकी तिघांची येते. एकही जण बोलला नाही. बादली परत बाथरूममध्ये गेली.

पण कागद मी फाडला नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली, रीतसर परवाना घेऊन. तिथेही हेच गुरुत्व आणि हाच पीएच मोजावा लागतो. आणि स्टॅटिस्टिक्समधली टी-टेस्ट आठवते? ती शोधणारा गॉसेट गिनेसच्याच कारखान्यात नोकरीला होता. १९०८ मध्ये त्याने ती स्वतःचे नाव न घालता छापली. टोपणनाव घेतले 'स्टुडंट'!

तेव्हा मित्रांनो, कोणतीही तयार वस्तू हातात आली की लेबलवरून उलटे गणित मांडून बघा. ज्या गोष्टी लेबलवर सापडत नाहीत, खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. आणि गणित कितीही बरोबर आले, तरी सरांची लाल पेनातली ओळ वाचायला विसरू नका.