कलमाच्या मुळाशी बुरशी: औषध ओतावे का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ कातळावर आमची हापूसची बाग आहे. आळ्यातला पालापाचोळा उचलला की पांढरे तंतू दिसतात. ही बुरशी झाडाचे खत खाते का? बुरशीनाशक ओतावे का?

उत्तर: कृपा करून ओतू नका. पाल्यात दिसतात ते तंतू बहुधा पाला कुजवणाऱ्या बुरशीचे. आंब्याच्या मुळांशी देवघेव करणारी बुरशी वेगळी. ती थेट मुळाच्या पेशींत शिरते आणि मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद संपला की मूळ उपाशी. बुरशीचे धागे मात्र काही सेंटिमीटर पलीकडे, मुळांना न शिरता येणाऱ्या बारीक फटींत पोचतात आणि तिथला स्फुरद आणून देतात. बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात. हे स्निग्ध पदार्थ तिला स्वतः बनवताच येत नाहीत, म्हणून झाडावाचून तिचे चालत नाही.

ओढाताणही असते. नत्र तुटपुंजे असले तर बुरशी आधी स्वतःची गरज भागवते. तुम्ही सुपर फॉस्फेट भरमसाट टाकलेत तर झाड साखर देताना हात आखडता घेते आणि बुरशी मुळांतून ओसरते. तेव्हा माती तपासून, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीइतकेच खत द्या. आळे पाल्याने झाकलेले राहू द्या. बुंध्याची साल कुजत असेल, तर मात्र तो रोग आहे, लगेच दाखवा.