शंकेची वाट आणि श्रद्धेचे घर : इमाम गझालींच्या जीवनातून एक धडा



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. इशाच्या नमाजीनंतर मस्जिद रिकामी झाली, तरी एक तरुण शेवटच्या सफेत बसून राहिला होता. लहानपणी माझ्याकडेच नाझिरा कुरआन शिकलेला हा मुलगा आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेले होते. "मौलाना, पोरगा बेदीन झाला, तुम्हीच समजवा त्याला," असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगा मात्र वाद घालण्यासाठी आलेला नव्हता. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, "मौलाना, सजद्यात गेलो की वाटतं, मी फरशीशी बोलतोय. घरी हे सांगितलं, तर अब्बांनी माझ्याशी बोलणंच टाकलं."

ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे माझ्या जिभेवर तयार होते. मदरशात ते आम्हांला पाठ असतात. पण मी गप्प राहिलो, कारण मला माझेच विद्यार्थिदशेतील दिवस आठवले. मीही एकदा असाच एक प्रश्न विचारला होता आणि "असे विचार मनात आणू नयेत" एवढेच उत्तर मिळाले होते. विचार यायचे थांबले नाहीत. विचारणे तेवढे थांबले. पुढे कितीतरी वर्षे ती शंका मी एकट्याने वाहिली. म्हणून आजचा पाठ अशा मुलामुलींसाठी आहे आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

प्रथम आपण हे समजून घेऊ, की शंका आणि इन्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अल-बकरहच्या २६० व्या आयतीत हजरत इब्राहीम (अ.) आपल्या पालनकर्त्याकडे विनंती करतात, की तू मृतांना कसे जिवंत करतोस ते मला दाखव. अल्लाह त्यांना विचारतो, तुझा विश्वास नाही काय? विश्वास आहे, परंतु हृदयाला समाधान हवे आहे, असे ते उत्तरतात. या प्रश्नाबद्दल त्यांना दरबारातून हाकलले गेले नाही. उलट त्यांची विनंती मान्य झाली. सहीह मुस्लिममध्ये अशी नोंद आहे, की काही सहाबा (रजि.) प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले, आमच्या मनात असे काही येते, की ते तोंडातून काढणेही आम्हांला भयंकर वाटते. यालाच प्रेषितांनी (स.) स्पष्ट ईमान म्हटले. ज्याला शंका बोचते, त्याच्यापाशी बोचण्याजोगे काहीतरी जिवंत आहे.

आता आपण इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म इ.स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. 'अल-मुन्किज मिन अज्-जलाल' या आत्मकथनपर ग्रंथात त्यांनी स्वतःच्या मनाची कहाणी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. ख्रिस्ती घरातील मुले ख्रिस्ती होतात, यहुदी घरातील यहुदी आणि मुस्लिम घरातील मुस्लिम, हे त्यांनी लहान वयातच टिपले. मग माझा धर्म हा केवळ माझ्या घराचा वारसा आहे, की ते सत्य आहे? या एका प्रश्नाने त्यांच्या अंधानुकरणाचे बंधन तुटले.

ते खोलात उतरले. डोळ्यांना तारा नाण्याएवढा दिसतो, गणित मात्र तो पृथ्वीहून मोठा असल्याचे सिद्ध करते. मग डोळ्यांवर भरवसा कसा ठेवावा? बुद्धीने डोळ्यांची चूक दाखवली. उद्या बुद्धीची चूक दाखवणारे काही निघाले तर? स्वप्नात सारे खरे वाटते आणि जाग आल्यावर खोटे ठरते, मग ही जागृतीही आणखी एक स्वप्नच नसेल कशावरून? सुमारे दोन महिने ते या अवस्थेत होते आणि तिला त्यांनी आजार म्हटले आहे. त्यातून ते बाहेर आले ते युक्तिवादाने नव्हे. अल्लाहने हृदयात टाकलेल्या एका प्रकाशाने आपण सावरलो, असे ते सांगतात.

त्यानंतर त्यांनी सत्यशोधकांचे चार वर्ग तपासले : इल्मे कलामचे पंडित, गुप्त ज्ञानासाठी एका अचूक इमामाकडे बोट दाखवणारे बातिनी, तत्त्वज्ञ आणि सूफी. एखाद्या विद्येतील जाणकारांइतके ज्ञान मिळवल्याखेरीज तिचे दोष दाखवू नयेत, असा त्यांचा दंडक होता. आपल्या मुलाने मोबाईलवर काय ऐकले हे जाणून न घेता त्याला खोडून काढणाऱ्या आपण सर्वांनी हा दंडक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सूफींविषयी त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली : आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. हा मार्ग चाखल्याशिवाय कळत नाही.

येथे त्यांच्यापुढे दुसरे संकट उभे राहिले. इ.स. १०९१ मध्ये, वयाच्या तिशीतच, ते बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले होते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. पण आपण हे अल्लाहसाठी शिकवतो, की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना सोडीना. इ.स. १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. घास गिळवेना, वैद्यांनी हात टेकले. अखेर मुलांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवून त्यांनी उरलेली संपत्ती वाटून टाकली आणि बगदाद सोडले. दमास्कसच्या मस्जिदीच्या मिनारात ते दिवस दिवस एकांतात बसत. पुढे बैतुल मुकद्दस, मग मक्का आणि मदीना असा त्यांचा प्रवास झाला. परंतु ते कायमचे बैरागी झाले नाहीत. मुलांच्या ओढीने घरी परतले, आणि सुमारे अकरा वर्षांनंतर, इ.स. ११०६ मध्ये, नैशापूर येथे पुन्हा शिकवू लागले. नमाज आणि शरीअत यांना वळसा घालून जाणारी अध्यात्माची वाट त्यांनी कधी मान्य केली नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपली मुले जेव्हा नाकारतात, तेव्हा पुष्कळदा ती दीन नाकारत नसतात. दीनच्या नावाने ऐकलेल्या दंतकथा नाकारत असतात. आपण कोणत्याही आधाराशिवाय अद्भुत किस्से सांगतो आणि मूल मोठे होऊन त्यांतील एक खोटा ठरला, की त्याला सगळेच खोटे वाटू लागते. याबाबत प्रेषितांचा (स.) आदर्श पाहा. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. त्याच्या मृत्यूमुळेच ग्रहण लागले, असे लोक बोलू लागले. शोकाकुल पित्याने नुसते मौन पाळले असते, तर केवढी मोठी दंतकथा उभी राहिली असती! पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मृत्यूमुळे किंवा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. ज्या दीनच्या प्रेषिताने स्वतःचा गौरव करणारी दंतकथाही स्वीकारली नाही, त्या दीनला आपल्या रचलेल्या किश्श्यांच्या टेकूची गरज काय?

म्हणून आईवडिलांना माझी नम्र विनंती आहे. मुलाने शंका विचारली, तर आधी ती पूर्ण ऐकावी. उत्तर ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही, आपण मिळून विचारू" असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. जे कुरआन आणि सहीह हदीसमध्ये नाही, ते दीन म्हणून सांगू नये. आणि काहीही झाले तरी बोलणे टाकू नये, जेवणाच्या दस्तरखानावरची त्याची जागा रिकामी होऊ देऊ नये. मुलांनाही माझे सांगणे आहे : शंकेला थट्टेचे रूप देऊ नका आणि उत्तराची वाट पाहताना दार बंद करू नका. गझालींना दोन महिन्यांनी प्रकाश दिसला; तुम्हांला किती काळ लागेल हे अल्लाहच जाणे.

त्या रात्री मी त्या तरुणाला कोणताही पुरावा दिला नाही. गझालींची ही कहाणी सांगितली आणि म्हटले, "बेटा, फरशीशी बोलतोय असं वाटलं, तर तेच सजद्यात अल्लाहला सांग. ऐकणारा असेल, तर तोही ऐकेल." तो काही वेळ तसाच बसला, मग सलाम करून गेला. त्याचे प्रश्न संपले, असे मी सांगणार नाही. तो जुम्याला येतो, शेवटच्या सफेत बसतो, आणि आता त्याचे वडीलही पहिली सफ सोडून त्याच्या शेजारी बसतात.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हृदयांना समाधान देवो आणि आपल्या घरांत प्रश्नांसाठी जागा ठेवो. आमीन.