कमी सरकार मागणारा नगराध्यक्ष : पांढुर्णा-सौसरच्या निमित्ताने एक अभ्यास

निवडणुकीला उभा राहिलेला माणूस आपण काय काय करून देणार ते सांगतो. नळ, गटार, समाजमंदिर, चौकातला पुतळा. पण एखादा उमेदवार दारात येऊन म्हणाला, “मी तुमच्या वाटेत कमीत कमी येईन. परवाने कमी करीन, कर कशाला लागतो ते दाखवीन, आणि ज्यात पालिकेचे काम नाही त्यात तिला हात घालू देणार नाही,” तर लोक त्याला मत देतील काय? अशा विचाराच्या माणसाला इंग्रजीत लिबर्टेरियन म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला विचारले, तर त्याच्यापाशीही एका दमात सांगता येईल असा शब्द नव्हता. प्रस्तुत लेखात मी ‘स्वातंत्र्यवादी’ हा शब्द वापरतो.

अभ्यासासाठी मी जी दोन गावे घेतली आहेत ती आपल्या वाचकांना दूरची वाटतील. आपल्याकडे सीमाभाग म्हटला की बेळगाव-निपाणीच डोळ्यांपुढे येते. परंतु मराठीला उत्तरेकडेही एक सीमा आहे. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला सौसर लागते आणि बैतूलच्या रस्त्याला पांढुर्णा. जुन्या मध्य प्रांतात ही गावे नागपूरशीच जोडलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले व हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. घरात व बाजारात मराठी, पालिकेच्या नोटिशीत हिंदी, हा तिथला रिवाज आपल्याला समजावून सांगायला नको. संत्र्याच्या बागा हे तिथले मोठे उत्पन्न. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पांढुर्णा शहराची वस्ती २०११च्या जनगणनेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती; सौसर त्याहून लहान आहे.

आता या विचाराचे आपल्या देशातील मूळ पाहू. योगायोग असा की ते सौसरपासून फार दूर नाही. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. आपली जमीन आता सरकारी सोसायटीत जाणार, अशी धास्ती शेतकऱ्यांनी घेतली. त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. प्रा. रंगा त्याचे अध्यक्ष व मिनू मसानी सरचिटणीस झाले. हेच मसानी १९४३ साली मुंबईचे महापौर होते, म्हणजे नगरपालिका कशी चालते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचा. १९६७ मध्ये लोकसभेत या पक्षाचे ४४ सभासद होते. १९७१ मध्ये ते ८ वर आले आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात मिसळला. महाराष्ट्रात त्याचा जोर कधीच नव्हता. संस्थानिक व कारखानदार यांचा पक्ष अशी त्याच्यावर टीका झाली, व ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही.

पुढे हा विचार मराठी मुलखात आणला तो शरद जोशी यांनी, आणि तो शेताच्या बांधावरून आणला. चाकणचे कांदा आंदोलन १९८० चे. १९८१ चे तंबाखूचे आंदोलन तर आपल्या निपाणीचेच. मराठी बोलणारा व कन्नड बोलणारा शेतकरी महामार्गावर शेजारी शेजारी बसला आणि गोळीबारात माणसे गेली, हे आपल्या घरांतील वडीलधारे अजून सांगतात. जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. २००४ मध्ये त्या पक्षाचे वामनराव चटप राजुऱ्याहून आमदार झाले. सरकारने शेतकऱ्याच्या छातीवरून उठावे, एवढेच मागणे, असा या मांडणीचा सारांश सांगता येईल. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडच्या महिला अधिवेशनातून स्थानिक निवडणुकांत सगळ्या जागांवर स्त्रियाच उभ्या करण्याचा विचार पुढे आला, आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावात बायकांचे पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आले. सरकारवर विश्वास नसलेली चळवळ गावाच्या कारभारात कशी उतरते, याचे मराठीतील जवळचे उदाहरण हेच. शहराच्या पालिकेत मात्र असा धडा फारसा गिरवला गेला नाही.

येथे कायद्याची एक गंमत सांगणे अगत्याचे आहे. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. ज्याचा समाजवादाला विरोध आहे त्याने काय करावे? महाराष्ट्रातील स्वतंत्र पक्षाच्या उरलेल्या मंडळींनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती, आणि शरद जोशी यांनी राज्यसभेत असताना हा शब्द काढण्यासाठी खाजगी विधेयक आणले. शब्द तेथेच आहे. मात्र नगरपालिकेला अपक्ष उभे राहणाऱ्या एकट्या माणसाला पक्षनोंदणीची गरज नसते. तेव्हा देशात स्वातंत्र्यवाद्याला खोटे न लिहिता निवडणूक लढवायची असेल, तर लहान गाव व अपक्ष उमेदवारी ही सर्वांत सरळ वाट आहे.

समजा, असा एक उमेदवार पांढुर्ण्यात उभा राहिला. त्याच्या हातात काय येईल? कॉमर्सच्या विद्यार्थ्याने प्रथम जमाखर्च पाहावा, म्हणून जमेपासून सुरुवात करतो.

पूर्वी गावाच्या वेशीवर चुंगी नाका असे. आपण त्याला जकात म्हणतो. गावात वापरासाठी, उपयोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर ती बसे: कापड, सिमेंट, तूप, संत्र्याच्या पेट्यांचे लाकूड. ट्रक थांबायचा, पावती व्हायची, आणि पावतीवाचूनही पुष्कळ काही व्हायचे. स्वातंत्र्यवाद्याला विचारले तर तो म्हणेल, हा कर पहिल्यांदा काढा. व्यापाराच्या पायातली बेडीच ती. मध्य प्रदेशाने ती १९७६ मध्ये काढली, कर्नाटकाने १९७९ मध्ये. महाराष्ट्रातील नगरपालिकांना १९९९ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे आपल्या उमेदवाराच्या जन्माआधीच त्याची एक मागणी पुरी झाली!

पण पुढे काय झाले ते पाहा. चुंगीच्या जागी राज्याने प्रवेशकर बसवला, तो भोपाळला जमा झाला, आणि पालिकांना ‘चुंगी क्षतिपूर्ती’ या नावाने रक्कम परत मिळू लागली. २०१७ मध्ये प्रवेशकरही वस्तू व सेवा करात विरघळला. चुंगी गेली, नाव मात्र राहिले. पूर्वी नाक्यावरचा कारकून गावचा होता. तो खात असेल तर कोण खातो हे गावाला ठाऊक असे. आता झाडूवाल्याच्या पगाराचा पैसा राजधानीहून येतो, आणि तो उशिरा आला तर जाब कोणाला विचारावा हे नगरसेवकालाही नीट सांगता येत नाही. व्यापाऱ्याला स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच सहीने गाव परावलंबी झाले. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. स्वातंत्र्यवादी पुस्तकांत पहिली मोठ्या अक्षरांत असते. दुसरीविषयी मला फारसे वाचायला मिळाले नाही.

खर्चाची बाजूही तशीच. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले. पण ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. मुख्य नगरपालिका अधिकारी राज्य सरकार नेमते. फेरीवाल्यांचे उदाहरण घ्या. हातगाडीवर संत्री विकणाऱ्याला कोणी उठवू नये, ही तर आपल्या उमेदवाराची हक्काची घोषणा. २०१४च्या कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण होऊन दाखले मिळेपर्यंत त्यांना हटवण्यास मनाई केली, व शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांना दिल्या. उत्तम कायदा. परंतु त्या समितीचा अध्यक्ष मुख्य अधिकारी असतो, निवडून आलेला नगराध्यक्ष नव्हे. कृषी मंडीचा कायदा वेगळा, तिची समिती वेगळी. बागाईतदाराला मंडीच्या जाचातून सोडवीन असे जो पालिकेच्या सभेत सांगेल, तो आपल्या हातात नसलेली वस्तू विकत आहे असे समजावे.

मग पालिकेच्या स्वतःच्या हातात उरते काय? मुख्यतः घराचा संपत्तीकर, पाणीपट्टी, दुकानांचे भाडे. संपत्तीकराच्या दराची वरची-खालची मर्यादाही राज्यानेच आखली आहे. त्याखाली उतरायचे म्हटले तरी उतरता येत नाही. कर कमी करीन ही त्याची घोषणा येथेच अडते. माझे मत असे की, अशा गावातल्या स्वातंत्र्यवाद्याने कर भरा म्हणून प्रचार करावा. हे उलटे वाटेल. पण विचार करा. भोपाळहून एक लाख आले व नालीत वाहून गेले, तर कोणाच्या खिशाला चटका बसत नाही. समजा, माझ्या घराचा वर्षाचा कर हजार रुपये आहे आणि तो मी हाताने मोजून दिला आहे, तर नाली अर्धी राहिल्याबरोबर मी पालिकेच्या पायऱ्या चढेन. आपल्या खिशातून गेलेल्या पैशाचाच हिशेब माणूस मागतो. थकबाकीदाराला तोंड वर करून बोलता येत नाही, मग तो शेतकरी असो की पालिका.

या प्रचाराने मते मिळतील काय, हा प्रश्न राहतोच. मला शंका आहे. शिवाय पद आरक्षित झाले तर आपला उमेदवार उभाही राहू शकणार नाही. निवडीची पद्धतही फिरती आहे. मध्य प्रदेशात बरीच वर्षे नगरपालिकेचा अध्यक्ष लोक थेट निवडीत. २०२२ मध्ये तो नगरसेवकांनी निवडला. २०२५ मध्ये सरकार पुन्हा थेट निवडणुकीकडे वळले. आपल्याकडे अध्यक्ष नगरसेवकांच्याच मतांनी ठरतो, त्यामुळे या फेऱ्यांचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. नगरसेवकांनी निवडायचे असेल तर एकट्या अपक्षाचे तेथे काम नाही. पंधरा-वीस माणसांची मोट बांधावी लागते, आणि मोट बांधताना देणेघेणे आलेच.

थेट निवडणुकीबरोबर तिथे एक हत्यार लोकांना मिळाले होते, ते मात्र आमच्या उमेदवाराने आपल्या जाहीरनाम्यात अग्रभागी छापावे असे आहे. अध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार. दोन वर्षे झाल्यावर तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी करायची, जिल्हाधिकाऱ्यांनी ती तपासायची, आणि मग साऱ्या गावाने गुप्त मतदान करायचे. चिन्हे दोनच: भरलेली खुर्ची व रिकामी खुर्ची. २००१ मध्ये अनुपपूरच्या लोकांनी रिकामी खुर्ची निवडली. राज्यशास्त्राच्या कितीतरी पानांचे काम त्या दोन चित्रांनी केले आहे.

परदेशातही या पंथाची मजल लहान गावांपर्यंतच गेली. अमेरिकेत लिबर्टेरियन पक्ष १९७१ मध्ये निघाला. युटा राज्यातील बिग वॉटर या चिमुकल्या गावाचे पहिले महापौर ॲलेक्स जोसेफ हे त्या पक्षाचे, साल १९८३. बहुपत्नीक म्हणूनही ते प्रसिद्ध होते. न्यू हॅम्पशायरमधील ग्राफ्टन येथे २००४ पासून स्वातंत्र्यवादी लोक ठरवून राहायला गेले व गावाच्या खर्चाला कात्री लावत राहिले. पुढे काळी अस्वले घरांपर्यंत येऊ लागली. कोणी आपल्या मर्जीने त्यांना खायला घालीत असे, आणि थांबवायचे कोणी याचा निर्णय होत नसे.

हसू येते, पण पांढुर्ण्याच्या उमेदवारापुढेही असेच कोडे आहे. त्याचे नाव गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. पळून निघालेल्या मुलामुलीची कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. माणसे मेलीही आहेत. प्रशासनाने बंदीहुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले व दगड उचलले.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला अडवू नये. येथे इजा उघड आहे, पण ज्याला होते तो आपण होऊन पात्रात उतरलेला आहे. मग बंदी घालणारे सरकार कोण? इतपत आपला उमेदवार ठामपणे बोलू शकेल. पण काठावर उभी राहिलेली शाळकरी मुले आपण होऊन आली, असे म्हणता येईल का? ज्याच्या घरातून दरवर्षी कोणी ना कोणी उतरतोच, त्या घरच्या तरुणाला ‘मी येत नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? आणि डोके फुटलेल्याला टाके घालण्याचा खर्च त्या दिवशी घरात बसलेल्या करदात्याने का सोसावा?

माझ्या मते उमेदवाराने बंदीची मागणीही करू नये आणि गप्पही राहू नये. अठरा वर्षांखालील कोणी पात्राजवळ नको, बघ्यांना दगडाच्या टप्प्याबाहेर दोर, आणि औषधोपचाराचा खर्च खेळणाऱ्या दोन्ही गावांनी आधी वर्गणी काढून जमा करावा, असे त्याने दोन्ही काठांवर जाऊन सांगावे. वर्गणीचा आकडा मोठा झाला म्हणजे कदाचित दगड लहान होतील. हे निपाणीकडच्या पोराने पांढुर्णेकरांना शिकवावे असे नाही. तिथला माणूस मला सहज विचारील, तुमच्या उरुसात कोणाचे हातपाय मोडत नाहीत काय?

प्रचाराचे साहित्य काय असावे तेवढे सांगतो. एकच कागद. एका बाजूला पालिकेची जमा : भोपाळहून किती, दिल्लीहून किती, आपल्या घरांतून किती. दुसऱ्या बाजूला खर्च. आकडे पालिकेच्या अंदाजपत्रकात असतात. न मिळाल्यास २००५च्या माहितीच्या कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा. कागद मराठीत छापावा, कारण नोटीस हिंदीत वाचणारा माणूस हिशेब मनातल्या मनात मराठीतच करतो. आणि तो सौसरच्या आठवडी बाजारात वाटावा, सभेत नव्हे. बाजारात माणूस पैसे मोजतच उभा असतो.

— बी. कॉम. भाग २