पेनड्राइव्ह लेखन का नाकारतो ?
(लिनक्स संगणक वापरणाऱ्या शिक्षकांसाठी पाठ)

वार्षिक निकालपत्रक तयार आहे, ते आजच केंद्रशाळेत पोहोचवावयाचे आहे, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक पेनड्राइव्हवर फाइल उतरवू देत नाही, असा प्रसंग शिक्षकांवर येतो. अशा वेळी 'फॉरमॅट करून टाका' असा सल्ला कोणीतरी देतोच. त्याने अडचण कदाचित दूर होते. परंतु पेनड्राइव्हवरील जुनी निकालपत्रके, हजेरीपट व मुलांची छायाचित्रे हीही तिच्याबरोबर जातात. यास्तव आधी निदान व मग उपाय, हा क्रम शिक्षकांनी कधीही सोडू नये.

१. संदेश नीट वाचावा

नकाराचे संदेश मुख्यत्वे दोन असतात. 'परमिशन डिनाइड' याचा अर्थ, लेखन शक्य आहे, पण या वापरकर्त्यास तो अधिकार नाही. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' याचा अर्थ, सध्या तेथे कोणासच लिहिता येणार नाही. पहिला प्रश्न अधिकाराचा आहे, दुसरा पेनड्राइव्हच्या अवस्थेचा. दोहोंचे उपाय भिन्न आहेत.

२. अधिकाराचा प्रश्न

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यात युनिक्सची जुनी पद्धत कायम आहे : प्रत्येक फाइलीस एक मालक, एक गट व इतर सर्व असे तीन वर्ग असतात. वाचनास ४, लेखनास २ व चालविण्यास १ असे अंक धरून प्रत्येक वर्गाची बेरीज लिहितात. फोल्डरवर ७५५ असे असल्यास मालकास सर्व अधिकार (४+२+१) मिळतात, तर गटास व इतरांस लेखनाचा अधिकार नसतो (४+१).

पेनड्राइव्ह 'ईएक्सटी४' पद्धतीचा असेल, तर मालकाचे नाव नव्हे, क्रमांक त्यावर नोंदलेला असतो. जनरल रजिस्टरातील क्रमांकाचे उदाहरण येथे घ्यावे. एका शाळेतील १००१ क्रमांकाचा विद्यार्थी व दुसऱ्या शाळेतील १००१ क्रमांकाचा विद्यार्थी हे एकच नव्हेत. त्याचप्रमाणे एका संगणकावर १००० क्रमांक असलेल्या शिक्षकाने तयार केलेला फोल्डर, दुसऱ्या संगणकावर १००१ क्रमांक मिळालेल्या त्याच शिक्षकास परका ठरतो. 'आयडी' ही आज्ञा दिल्यास स्वतःचा क्रमांक कळतो. मालकी बदलावयाची असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने 'चोन' (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) ही आज्ञा द्यावी. मात्र ती देण्यापूर्वी पेनड्राइव्हचा मार्ग दोनदा तपासावा. चुकून मूळ फोल्डराचा मार्ग दिल्यास संपूर्ण संगणकाची घडी विस्कटते. सर्वांना ७७७ देणे हा सोपा पण अयोग्य मार्ग होय, कारण त्यामुळे त्या संगणकावरील कोणीही निकालपत्रक बदलू शकतो.

'फॅट३२' व 'एक्सफॅट' या पद्धतींत असा मालक नोंदलेलाच नसतो. पेनड्राइव्ह माउंट करताना जो मालक ठरविला जातो, तोच सर्व फाइलींचा मालक. म्हणून तेथे 'चोन'चा उपयोग होत नाही. प्रशासकाने हाताने माउंट केल्यामुळे मालकी त्याच्याकडे गेली असेल, तर पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढून, शिक्षकाने आपल्या खात्यातून पुन्हा लावावा. बहुधा एवढ्याने काम होते.

३. अवस्थेचा प्रश्न

येथे पुढील क्रमाने पाहावे.

(अ) काही पेनड्राइव्हांवर व मेमरी कार्डांच्या कडेला लेखन बंद करणारी लहान कळ असते. ती प्रथम पाहावी.

(आ) 'एनटीएफएस' पद्धतीची डिस्क विंडोजमधून अर्धवट बंद झालेली असल्यास लिनक्स ती केवळ वाचनासाठी उघडू शकतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आलेली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय याचे नेहमीचे कारण होय. ती सोय बंद करून विंडोज पूर्णपणे बंद करावे व डिस्क रीतसर काढावी.

(इ) लेखन चालू असतानाच पेनड्राइव्ह उपटल्यास त्यावरील नोंदींत दोष राहतो. तो आढळताच लिनक्स अधिक हानी टाळण्यासाठी लेखन थांबवितो. 'डीमेसेग' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत त्याचे कारण सापडते.

(ई) पेनड्राइव्हमधील चिप जीर्ण झाल्यासही तो लेखन कायमचे नाकारतो. यास दुरुस्ती नाही.

वरील चारही प्रसंगी वाचन चालू असते, ही गोष्ट फार मोलाची आहे. सर्व फाइली प्रथम संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्यानंतरच पेनड्राइव्ह अनमाउंट करून 'एफएससीके' या आज्ञेने तपासणी करावी. माउंट असताना ती कधीही करू नये. 'एनटीएफएस' डिस्कची तपासणी मात्र विंडोजमध्येच करणे इष्ट.

४. उजळणीचे प्रश्न

१. 'परमिशन डिनाइड' व 'रीड-ओन्ली' यांतील भेद सांगा.
२. एका फोल्डरावर ७७५ असे आहे. गटास कोणते अधिकार मिळतात ?
३. 'फॅट३२' पेनड्राइव्हवर 'चोन' आज्ञा निरुपयोगी का ठरते ?

प्रत्यक्ष कार्य : शिक्षकांनी रिकाम्या पेनड्राइव्हवर वरील क्रम एकदा करून पाहावा. शाळेच्या कामाचा पेनड्राइव्ह या सरावासाठी घेऊ नये, आणि त्यावरील मजकुराची दुसरी प्रत शाळेच्या संगणकावर सदैव ठेवावी.