वाळ्याची मुळे आणि अंगणातील पाऊस

हिंगोली जिल्ह्यातून वाहणारी कयाधू पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते. आपल्या अंगणाचीही हीच कथा आहे. मृगाचा पाऊस पत्र्यावरून कोसळतो, अंगणातील माती घेऊन नाल्याला मिळतो. चैत्रात मात्र घागर घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. आलेला पाऊस थांबवावा कसा, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब साधा आहे. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटर छतावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २,००० लिटर. हे पाणी पन्हळीने २० चौरस मीटरच्या, १५ सेंटिमीटर खोल वाफ्यात सोडले, तर ते सारे तेथे मावते. कारण वाफ्याची क्षमता ३,००० लिटर आहे. अशा वाफ्यास पर्जन्य-उद्यान म्हणता येईल. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९० च्या सुमारास ही पद्धत आकारास आली. परंतु शेताला बांध घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास तिचे तत्त्व परके वाटणार नाही.

काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरेनासे होते. येथे मुळे कामी येतात. गवताचे ठोंब वाहत्या पाण्याचा वेग मोडतात, गाळ तेथेच बसतो. जुनी मुळे कुजल्यावर त्यांच्या जागी सूक्ष्म वाटा उरतात व त्यांतून पाणी खाली उतरते. वाळ्याची मुळे अनुकूल जमिनीत ३ मीटरपर्यंत जातात. तो साचलेले पाणी सोसतो आणि दुष्काळही. म्हणून वाफ्याच्या तळाशी वाळा, काठावर मारवेल व पवन्या लावावेत. वाळ्याचे ठोंब मृगाची ओल उतरल्यावर १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत.

जागा निवडताना फूटभर खड्डा खणून त्यात दोनदा पाणी भरावे. पहिले पाणी भेगांत शिरते, ते फसवे असते. दुसरे एका दिवसात जिरले तरच जागा योग्य. दोन दिवसांहून अधिक साचलेल्या पाण्यात डासांची भीती असते. वाफा भिंतीपासून ३ मीटर दूर असावा, कारण फुगणारी माती पायास इजा करते. जादा पाण्यास वाट ठेवावी.

धम्मपदाच्या तण्हावग्गात वाळ्याचा दृष्टान्त येतो. वाळ्यासाठी गवत मुळासकट खणतात, तसे तृष्णेचे मूळ खणावे, असा त्याचा आशय आहे. खोल गेलेले मूळ सहजी सुटत नाही, हे त्यामागील निरीक्षण. तीच चिवट पकड आज आपल्या मातीस हवी आहे. ज्यांच्या अंगणातून पन्हळीचे पाणी माती घेऊन जाते, त्यांनी येत्या मृगापूर्वी एक खड्डा खणून पाहावा.