गाडी रात्रीची, ओहोटी सकाळची

तारकर्लीत राहायचं कुठं, सोलकढी चांगली कुठं मिळते आणि मालवणच्या जेटीवरून किल्ल्याची होडी किती वाजता सुटते, हे आजवर भरपूर लिहून झालंय. त्यात मी भर घालत नाही. अकोला-अमरावतीकडून कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाला परतीच्या दिवसाबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. खोली सकाळी दहाला सोडायची, कुडाळहून गाडी रात्रीची, आणि मधल्या साऱ्या वेळात सोबतीला सामान, थकलेली म्हातारी माणसं आणि कुरकुरणारी पोरं. बहुतेक लोक हा दिवस बाजारात घाम गाळत काढतात, किंवा 'आता पुन्हा कधी येणार' म्हणत भर दुपारी शेवटच्या डुबकीला पाण्यात शिरतात. यातला दुसरा प्रकार जिवावर बेततो. त्यावर पुढं लिहितोच.

प्रवासाचं थोडक्यात. नागपूर–मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी बडनेरा, अकोल्यावरून थेट कुडाळला नेते. ती ठरावीक मुदतीपुरती चालते आणि मुदत वाढत जाते, म्हणून आधी गाडीच्या तारखा पाहा आणि मगच राहण्याचं ठरवा. ती नसेल तर परतताना तुतारी एक्स्प्रेसनं सकाळी दादर आणि संध्याकाळी मुंबईहून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेस. मालवण ते कुडाळ साधारण 30 किलोमीटर.

आम्ही शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी राखून ठेवला होता. मे महिना होता. आदल्या संध्याकाळी वारा वाढला आणि उद्या होड्या सुटणार नाहीत असा निरोप घरमालकांनीच आणून दिला. पोरांची तोंडं उतरली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले, "उद्या वद्य द्वितीया. सकाळी लवकर निघा, देवबागच्या संगमापर्यंत चालत जाल." समुद्राची वेळ तिथीवरून काढतात हे कानावर होतं, पण ती पद्धत त्या रात्री त्यांच्या ओसरीवर बसून नीट समजून घेतली. वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात तिथीचं कॅलेंडर असतं, त्यामुळं ती आपल्याला अगदी सोयीची आहे.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, कारण भरतीचं चक्र पंधरवड्यानं पुन्हा जागेवर येतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दर दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकतं. जागेनुसार तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून हा आकडा स्थानिक माणसाला विचारून पक्का करावाच. आमची द्वितीया, म्हणजे दोनची पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती, सकाळी पावणेआठला ओहोटीचा तळ. पावणेसहाला निघालं की दोन तास पाणी मागं हटत राहणार आणि वाळू रुंद होत जाणार.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि सहल ठरवताना तीच सगळ्यात उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही खोल. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे त्या दिवसांतली सगळ्यात खोल ओहोटी नेमकी पहाटे आणि सूर्यास्ताला पडते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा किनारा ना धड रुंद ना धड अरुंद. म्हणून परतीचा दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत येईल असं बघा. पहाटेची चाल आयती मिळते.

वाट सरळ आहे. तारकर्लीच्या पुळणीवर उतरायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेकडे पाच-सहा किलोमीटर चालत कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं थांबायचं. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळं आठ-साडेआठपर्यंत सुरू आणि माडांची सावली वाळूवर असते. पाण्याच्या रेषेजवळची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून चालावं. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि म्हाताऱ्यांचे गुडघे पहिल्या किलोमीटरलाच बोलू लागतात. ओली वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळं एका पायावर भार जास्त येतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना अधूनमधून वरच्या सपाट पट्ट्यावर आणावं. देवबागला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. लाटांनी जमीन खाल्ली जाते म्हणून जागोजागी दगडांचे बंधारे घातलेत. भरतीला पाणी थेट या दगडांवर आपटतं आणि चालायला जागा उरत नाही. वेळ चुकवली की ही वाट मिळत नाही.

निम्म्या वाटेवर रापण लागली. इथं आमचा ठरलेला दिवस बदलला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत, ओढत एकमेकींच्या जवळ सरकतात. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही रांगा बऱ्याच लांब होत्या. पोरं धावत निघाली, त्यांना आधी थांबवलं. दोन दोरांच्या मध्ये जायचं नसतं आणि विचारल्याशिवाय दोराला हात लावायचा नसतो. एका वयस्क रापणकरानं विचारलं, "खंयसून इलात?" अकोल्याहून, म्हणालो. त्यानं माझ्या आईकडे पाहिलं. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर. "हात लाव गे आजये," तो म्हणाला. आई कधी नव्हे ती पटकन पुढं झाली. "लावतो न बाप्पा, त्यात काय!"

मग तासभर आम्ही सगळेच दोरावर होतो. घाई कुणालाच नव्हती. लाट आत आली की ओढायचं, मागं फिरली की नुसतं धरून ठेवायचं. पोरांना ही लय दहा मिनिटांत जमली, मला जरा उशिरा. विहिरीचे दोर ओढत संसार केलेल्या आईला काही शिकवावं लागलं नाही. दोर हाताला कापतो, ओला आणि खरखरीत. रांगेतल्या बाईनं भाचीच्या हाताला आपल्या लुगड्याचा पदर गुंडाळून दिला. जाळं जवळ आलं तसं पाणी चकाकू लागलं आणि शेवटच्या ओढीला वाळूवर तारल्या, पेडवे, थोडे बांगडे उसळले. मासळी फार नव्हती. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांनी, आणि बंदी असूनही दिवे लावून होणाऱ्या मासेमारीनं, किनाऱ्याजवळची मासळी कमी केली, असं ते लोक सांगत होते आणि त्यांच्या आवाजात राग होता. तो रास्त आहे. एवढ्या माणसांनी एवढा वेळ ओढायचं आणि वाट्याला टोपलीचा तळ यायचा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा, असा तिथला रिवाज. आमच्यापुढंही चार बांगडे ठेवले. आई माळकरी, तिनं हात जोडले. त्यांना तेही कळलं, हसून त्यांनी मासे परत टोपलीत टाकले आणि पोरांना एक मोठा शिंपला दिला. रापण दिसली तर एवढं पाळा: विचारून हात लावा, फुकट मासे मागू नका, विकत हवे असतील तर वाटणी झाल्यावर विचारा आणि त्यांची दमलेली तोंडं मोबाइलमध्ये भरत बसू नका.

संगमाला आम्ही आठनंतर पोचलो. जागा देखणी आहे आणि तितकीच फसवी. ओहोटीला नदीचं पाणीही समुद्राकडे धावत असतं, तळ एकदम खोल होतो. इथं पायसुद्धा बुडवू नका. बसा, पाहा, रिक्षा करून परत या.

आता डुबकीबद्दल. आपण वऱ्हाडातली माणसं विहिरीत, फार तर पूर्णेच्या डोहात पोहायला शिकलेली. तिथलं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी ओढतं. लाटांची पांढरी रेघ जिथं मध्येच तुटलेली दिसते, पाणी तिथंच शांत आणि गढूळ असतं, फेस आत जाताना दिसतो, तीच परतीच्या प्रवाहाची जागा. नवखा माणूस नेमका तिथं उतरतो, कारण तिथं लाटा नसतात. अडकलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले, त्यातला एक आपल्या अकोल्याचा तरुण होता. म्हणून घरात नियम करा. समुद्रातली शेवटची आंघोळ आदल्या दिवशी, उजेडात, गुडघाभर पाण्यात. परतीच्या दिवशी कपडे कोरडे. होडीत बसायचं तर जीवरक्षक जाकीट घालून, बंद आवळून, आणि होडी गच्च भरलेली दिसली तर पैसे सोडून द्यायचे.

उन्हाचंही वेगळं आहे. 45 अंशांत राहणाऱ्या आपल्याला कोकणातले 34 अंश किरकोळ वाटतात. पण अकोल्यात घाम वाळतो आणि अंग थंड होतं. इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, त्यामुळं अंग आतून तापत राहतं आणि चक्कर आल्यावरच कळतं. तहान नसतानाही पाणी, चिमूटभर मीठ-साखर किंवा कोकम सरबत. दुपारी बारा ते चार झाडाखाली पडून राहा. बहुतेक घरगुती निवासांत विनंती केली तर सामान ठेवू देतात आणि निघताना आंघोळीची सोयही करून देतात, त्याचे पैसे आपणहून द्या. हापूस घ्यायचा तर कडक घ्या, तयार फळ गाडीतच उतरून जाईल. सुकी मासळी घ्यायची तर झाकणाच्या डब्यात, डब्यातल्या इतर प्रवाशांचाही विचार करा.

किल्ला राहिला म्हणून फार वाईट वाटून घेतलं नाही, जेटीवरून तो डोळेभर दिसतो. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला काम सुरू झालं, हिरोजी इंदुलकरांनी ते उभं केलं, तट सुमारे तीन किलोमीटरचा. गाविलगड-नरनाळ्यावरची तळी पाहून वाढलेल्या आपल्याला भर समुद्रातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचं अप्रूप वाटणारच. राजाराम महाराजांनी आत शिवरायांचं मंदिर बांधलं. 2025 मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. होड्या चालू असतील तर सकाळच्या पहिल्या फेरीनं जा, नंतर जेटीवर उभं राहायला जागा नसते.

गर्दीचं काय सांगायचं? मे महिन्यात तारकर्लीच्या मुख्य वाटेवर सकाळी सहाला आदल्या रात्रीच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, लहान मुलांचे डायपर पडलेले असतात. काही जण चारचाकी थेट वाळूत घालतात आणि मग ती काढायला गावातल्या लोकांना बोलावतात. पाचशे पावलं पुढं गेलं की मात्र किनारा मोकळा. माझ्या ट्रेकर मित्रांना किनाऱ्यावरची कौटुंबिक चाल भटकंतीत मोजायची नसते. उंची नाही, दोर नाही, आई सोबत, डब्यात दशम्या आणि ठेचा. मला हे मान्य नाही. जो पाण्याची वेळ काढून निघतो, आपल्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालतो आणि आपला कचरा, जमल्यास दुसऱ्याचाही, पिशवीत घालून परत आणतो, तो भटक्या. कळसूबाईच्या शिडीवर फोटो काढून खाली पाण्याची बाटली भिरकावणारा नाही. एक रिकामी गोणी सोबत न्या. आमची संगमापर्यंत भरली.

शेवटी तारखांचं, कारण वऱ्हाडातली बरीच कुटुंबं इथंच फसतात. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपल्याकडे जूनमध्ये निघायचे बेत होतात. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्गातली पर्यटकांची होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद होते ती 31 ऑगस्टपर्यंत, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते. तेव्हा तिकिटं 20 मेच्या आत परतीची काढा, नाहीतर सरळ दिवाळीनंतरची.